एकच वाढ, दोन हिशेब

प्राथमिक शाळेत नियमित वेतनश्रेणीवर आलेल्या शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपये. माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं ३८,६००. सातव्या वेतन आयोगानंतर महाराष्ट्रात जो तक्ता लागू झाला, त्यात हे दोन आकडे एस-१० आणि एस-१४ या दोन रकान्यांच्या अगदी पहिल्या घरात आहेत. दरवर्षीची वेतनवाढ मिळाली की शिक्षक आपल्या रकान्यात एक घर खाली सरकतो. दोघांसाठीही दर एकच, तीन टक्के. यापेक्षा समान काय असणार, असंच कुणालाही वाटेल.

आता दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवत खाली या. पहिल्या वाढीनंतर प्राथमिकचे होतात ३०,१०० आणि माध्यमिकचे ३९,८००. एकाला ९०० मिळाले, दुसऱ्याला १,२००. दहा वाढींनंतर ३९,२०० आणि ५१,९००. वीस वाढींनंतर ५२,६०० आणि ६९,९००. रकाना संपतो तिथे, म्हणजे एकोणचाळीस वाढींनंतर, ९२,३०० आणि १,२२,८००. सुरुवातीला दोघांत ९,४०० रुपयांचं अंतर होतं. विसाव्या वाढीला ते १७,३०० झालं आणि शेवटच्या घरात ३०,५००. अंतर तिपटीहून जास्त झालं, आणि वाटेत कुणी कुणावर मेहेरनजर केलेली नाही.

वजाबाकी बाजूला ठेवून भागाकार केला की मात्र वेगळंच दिसतं. ३८,६०० ला २९,२०० ने भागलं तर १.३२ येतात. शेवटच्या घरातल्या १,२२,८०० ला ९२,३०० ने भागलं तर १.३३. म्हणजे चार दशकांच्या वाटचालीत काहीच बदललेलं नाही. माध्यमिकचा शिक्षक सुरुवातीला जितके पट घेत होता तितकेच पट शेवटीही घेतो. अंतर तिप्पट झालं आणि अंतर होतं तेवढंच राहिलं, ही दोन्ही विधानं एकाच तक्त्याबद्दल, एकाच वेळी, पूर्णपणे खरी आहेत. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. शिक्षक संघटनांच्या बैठकांत या विषयावर आवाज चढतात तेव्हा बहुतेक वेळा कुणीही खोटं बोलत नसतं. एक जण वजाबाकी करत असतो आणि दुसरा भागाकार.

या तक्त्यात आणखी एक बारीक गंमत दडलेली आहे. तीन टक्के काढल्यावर उत्तर जवळच्या शंभरात पूर्ण केलं जातं. २९,२०० चे तीन टक्के वाढवले तर खरं उत्तर ३०,०७६, तक्त्यात ३०,१००. पुढच्या घराचा हिशेब या पूर्ण केलेल्या रकमेवर होतो, त्याच्या पुढचा त्याच्यावर. शंभरात पूर्ण न करता २९,२०० वर एकोणचाळीस वेळा तीन टक्के चढवले तर सुमारे ९२,४८० येतात, पण तक्त्यात ९२,३०० आहेत. ३८,६०० चे सुमारे १,२२,२५० व्हायला हवेत, तक्त्यात १,२२,८०० आहेत. एका रकान्यातून पावणेदोनशे रुपये गळाले, दुसऱ्यात साडेपाचशे आले. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पूर्णांकांच्या स्वभावातून ते आपोआप घडलं. रक्कम क्षुल्लक आहे, आणि बाविसाव्या वर्षी नोकरीला लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा शिक्षक त्या शेवटच्या घरापर्यंत पोचतही नाही. तरी एक साधा नियम सगळ्यांना सारखा लावूनही सगळ्यांना सारखा लागत नाही, हे इतकं स्वच्छ दिसण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

याच्या अगदी उलटं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. नियमित वेतनश्रेणीत येण्याआधी शिक्षकाला तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून ठोक मानधनावर काढावी लागतात. हे मानधन कित्येक वर्षं प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ९,००० रुपये होतं. जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. इथे कुणी टक्के लावले नाहीत. प्राथमिकला दहा हजार, माध्यमिकलाही दहा हजार, कनिष्ठ महाविद्यालयाला अकरा.

वजाबाकी करणाऱ्याला इथे समाधान आहे. प्राथमिक आणि माध्यमिकमधलं अंतर आधी दोन हजार होतं, नंतरही दोन हजारच. भागाकार करणाऱ्याला मात्र उलथापालथ दिसते. आधी माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला प्राथमिकपेक्षा ३३ टक्के जास्त मिळत होते, आता साडेबारा टक्केच जास्त मिळतात. प्राथमिकची वाढ १६७ टक्के, माध्यमिकची १२५. पदवीनंतर बी.एड. करून आलेला तरुण म्हणेल की माझ्या जादा शिक्षणाचं मोल घटलं. पहिलीच्या वर्गात मुलांना अक्षरं गिरवायला शिकवणारी तरुणी म्हणेल की खोलीचं भाडं आणि गॅस सिलेंडर मला काही स्वस्तात मिळत नाही, मग दहा हजार दोघांनाही सारखेच हवेत. दोघांचंही खरं.

याच्या मुळाशी सातवीच्या मुलालाही कळेल असं गणित आहे. दोन असमान संख्यांत सारखीच रक्कम मिळवली तर फरक कायम राहतो आणि गुणोत्तर बदलतं. दोन्हींना सारख्याच संख्येनं गुणलं तर गुणोत्तर कायम राहतं आणि फरक बदलतो. दोन्ही कायम ठेवणारी एकच वाढ आहे, ती म्हणजे शून्य. वेतन आयोगात कितीही विद्वान बसवा, संघटनांचे नेते कितीही समंजस असोत, दोन्ही अर्थांनी समान असलेली वाढ कुणालाच देता येणार नाही. ती अस्तित्वातच नाही. ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात न्यायाचा विचार करताना नेमके हेच दोन हिशेब वेगळे काढले होते. वाटप करताना गुणोत्तराचा न्याय आणि नुकसान भरून देताना वजाबाकीचा न्याय. तेवीसशे वर्षं झाली तरी आपण त्याच दोन टोकांत उभे आहोत.

विसाव्या शतकात या प्रश्नाला नवा धक्का बसला तो फ्रान्समधून. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी उठाव केला, पाठोपाठ कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि अखेर ग्रनेल इथल्या वाटाघाटींत पगारवाढीचा तोडगा निघाला. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ सर्ज-क्रिस्तोफ कोल्म यांनी १९७६ च्या आपल्या लेखात या तोडग्याचा हिशेब मांडला. त्यांच्या मांडणीप्रमाणे वाढ सगळ्यांना १३ टक्के. महिना ८० कमावणाऱ्या मजुराला त्यामुळे सुमारे १० जास्त मिळाले आणि ८०० कमावणाऱ्या अधिकाऱ्याला सुमारे १००. विषमतेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांना आपली फसवणूक झाली असं वाटलं. पण तोवर अर्थशास्त्रात विषमता मोजायची जी मापं रूढ होती ती जवळजवळ सगळी गुणोत्तरावर बेतलेली होती. त्या मापांनी पाहिलं तर विषमता कणभरही वाढलेली नव्हती.

कोल्म यांनी इथे एक धाडसाची गोष्ट केली. मापच तटस्थ नसतं, असं त्यांनी म्हटलं. सगळ्यांना सारखे टक्के दिल्यावर ‘विषमता बदलली नाही’ म्हणणाऱ्या मापाला त्यांनी उजवं माप म्हटलं. सगळ्यांना सारखी रक्कम दिल्यावर तसं म्हणणाऱ्याला डावं. आणि या दोहोंच्या मधल्या मापांना मध्यममार्गी. मोजपट्टीलाही राजकीय बाजू असते, हे गणिताच्या भाषेत सांगणारा हा लेख मला फार मोलाचा वाटतो. आपण समजत असतो की आधी तटस्थपणे मोजायचं आणि मग न्याय-अन्यायावर भांडायचं. प्रत्यक्षात पट्टी हातात घेतली तिथेच अर्धा निकाल लागलेला असतो.

आपल्या देशात हा मध्यममार्ग प्रत्यक्ष वापरात होता, हे आज अनेक तरुण शिक्षकांना ठाऊक नसेल. चौथ्या वेतन आयोगाच्या काळात महागाई भत्ता सगळ्यांना सारख्या टक्क्यांनी मिळत नसे. ३,५०० रुपयांपर्यंत मूळ वेतन असलेल्याला महागाईची शंभर टक्के भरपाई, ३,५०१ ते ६,००० पर्यंत ७५ टक्के आणि त्यावर ६५ टक्के. वरच्या पगारदाराला महागाईचा थोडा चटका सोसता येतो, खालच्याला नाही, हे त्यामागचं तत्त्व.

तत्त्व चांगलं, पण त्याच्या सांध्यावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. महागाई ५० टक्क्यांनी वाढली असं धरू. ३,५०० वाल्याला पूर्ण भरपाई, म्हणजे १,७५० रुपये. ३,५०१ वाल्याला ७५ टक्केच भरपाई, म्हणजे सुमारे १,३१३. एक रुपया जास्त मूळ वेतन असल्याची किंमत ४३७ रुपये! वार्षिक वेतनवाढ मिळाली आणि हातात येणारा पगार घटला, असं होऊ नये म्हणून त्या नियमातच सीमेवर समायोजनाची तरतूद ठेवावी लागली होती. पाचव्या वेतन आयोगानं १९९६ पासून हे टप्पे काढून टाकले आणि सर्वांना शंभर टक्के भरपाई दिली.

मला स्वतःला वाटतं की महागाई भत्त्याच्या बाबतीत टक्केच बरोबर. भत्ता ही वाढ नाही. बाजारानं पगारातलं जे खाल्लं ते भत्त्यानं परत भरायचं असतं, आणि बाजार प्रत्येकाच्या पगारातून टक्क्यांनीच खातो. ॲरिस्टॉटलचे शब्द वापरायचे तर हे नुकसान भरून देणं आहे. पण वेतनवाढ हे वाटप आहे. तिथे टक्के लावायचे का, हे आधी मूळ आकडा कशावर उभा आहे ते पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. टक्केवारी मुळातल्या आकड्याशी इतकी इमानदार असते की तो आकडा न्यायानं ठरला असेल तर न्याय पुढे नेते आणि अन्यायानं ठरला असेल तर अन्यायही तितक्याच निष्ठेनं पुढे नेते.

ब्रिटनमधल्या शिक्षिकांना हे अनुभवानं कळलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे शिक्षकांची वेतनश्रेणी बर्नहॅम समितीच्या वाटाघाटींतून ठरू लागली आणि तिच्यात स्त्रियांचा पगार पुरुषांच्या सुमारे चार पंचमांश ठेवला गेला. तोच वर्ग, तीच मुलं, तीच परीक्षा. समजा पुरुषाला ५०० आणि स्त्रीला ४००. दोघांना दहा-दहा टक्के वाढ दिली तर ५५० आणि ४४०. दरवर्षी दिली, शंभर वर्षं दिली, तरी स्त्री चार पंचमांशावरच राहणार, आणि रुपया-पैशातलं अंतर मात्र रुंदावत जाणार. समान टक्क्यांच्या रस्त्यानं समान पगार कधीच येत नाही. त्यासाठी काही वर्षं मुद्दाम असमान वाढ द्यावी लागते. ब्रिटनमध्ये तेच केलं गेलं. १९५५ पासून शिक्षिकांना पुरुषांपेक्षा जास्त वाढ हप्त्याहप्त्यानं दिली गेली आणि १९६१ मध्ये दोघांचा पगार एक झाला. शिक्षिकांच्या ज्या स्वतंत्र संघटनेनं यासाठी दशकानुदशकं लढा दिला, त्या नॅशनल युनियन ऑफ विमेन टीचर्सनं त्याच वर्षी आपलं काम संपवलं. मागणी पूर्ण झाली म्हणून संघटना विसर्जित होणं किती दुर्मीळ, आणि किती सुंदर!

असमान वाढीचं दुसरं कारण तुटवड्याचं असतं. इंग्लंडमध्ये २०२२ साली नवशिक्या शिक्षकांचा सुरुवातीचा पगार ८.९ टक्क्यांनी वाढवून २८,००० पौंडांवर नेला, अनुभवी शिक्षकांना मात्र ५ टक्के दिले. नवे लोक या पेशात यावेत हा हेतू. वीस वर्षं शिकवलेल्याला त्यात आपल्या अनुभवाची किंमत उतरलेली दिसली तर त्याला कोण दोष देईल?

आता आपल्याकडे परत येऊ, कारण आपल्याकडचा प्रश्न याहून खोल आहे. बिहारमध्ये एकाच शाळेत, एकाच शिक्षक खोलीत कित्येक वर्षं दोन प्रकारचे शिक्षक बसत. एक जुन्या नियमित वेतनश्रेणीतले आणि दुसरे पंचायत राज संस्थांमार्फत नेमलेले ‘नियोजित’ शिक्षक. नियोजित शिक्षकांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. शिकवायचं तेच, पगार कितीतरी कमी. २०१७ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं समान कामाला समान वेतन द्या असा निर्णय दिला. १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. जुना संवर्ग संपत जाणारा आहे, नव्यांच्या नेमणुकीची पद्धत वेगळी आहे आणि राज्यावर पडणारा बोजाही पाहावा लागेल, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न तिथे मिटला. शिक्षक खोलीतला मिटला नाही.

तो का मिटत नाही, याचं उत्तर एका प्रयोगातून मिळतं. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार सार्वजनिक असतात आणि एका वृत्तपत्रानं ते संकेतस्थळावर टाकले होते. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तीन शाखांतल्या काही कर्मचाऱ्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, ईमेलनं फक्त एवढंच कळवलं की असं संकेतस्थळ आहे. काही दिवसांनी सगळ्यांना प्रश्नावली पाठवली. आपल्याच विभागातल्या बरोबरीच्या लोकांत ज्यांचा पगार मध्यापेक्षा कमी होता, त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधण्याचा त्यांचा विचार बळावला. ज्यांचा पगार जास्त होता त्यांच्या समाधानात मात्र वाढ झाली नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचताना मी थबकलो होतो. वरच्याचा आनंद खालच्याच्या दुःखाची भरपाईदेखील करत नाही. अंतर ठेवून कुणाचंच भलं होत नसेल, तर ते ठेवायला भक्कम कारण हवं.

आणि महाराष्ट्रातला टप्पा अनुदानाचा शिक्षक तर टक्क्यांच्या टक्क्यांवर जगतो. विनाअनुदानित शाळांच्या मान्यतेपुढचा ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला गेला आणि या शाळा अनुदानासाठी पात्र होण्याची वाट उघडली. पण अनुदान एकदम शंभर टक्के येत नाही. वीस, चाळीस, साठ, ऐंशी असे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावरचं आंदोलन. शाळा ४० टक्क्यांच्या टप्प्यावर असेल तर सरकारकडून पगाराचा तेवढाच हिस्सा येतो. नियमित शिक्षकाला पहिली वार्षिक वाढ ९०० रुपयांची मिळते तेव्हा या शिक्षकासाठी सरकारकडून येणाऱ्या रकमेत भर पडते ३६० रुपयांची. दोघांच्या नावापुढे कागदावर तीन टक्केच लिहिलेले असतात. गुणोत्तराच्या मापानं इथेही विषमता वाढलेली नाही. या ठिकाणी ते माप बाजूला ठेवावं, असं मी ठामपणे म्हणेन. पायाच ४० टक्क्यांचा असेल तर त्यावरच्या समान टक्केवारीला समान म्हणणं मला मान्य नाही.

आता आठव्या वेतन आयोगाची चर्चा आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रानं तो नेमला आहे, आणि शिक्षक खोलीत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘फिटमेंट फॅक्टर किती?’ जुन्या मूळ वेतनाला ज्या संख्येनं गुणून नवं काढतात तो हा गुणक सातव्या आयोगात २.५७ होता. त्यातले २.२५ म्हणजे जुनं मूळ वेतन आणि त्यावरचा १२५ टक्के महागाई भत्ता. खरी वाढ राहिली सुमारे १४ टक्के. त्यातही सुरुवातीच्या वेतनासाठी सगळ्या पदांना हाच गुणक नव्हता. सर्वांत खालचं वेतन ७,००० वरून १८,००० झालं, म्हणजे २.५७ पट. सचिवाचं ८०,००० वरून २,२५,००० झालं, म्हणजे २.८१ पट. सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याच्या सुमारे ११.४ पट असलेलं सचिवाचं वेतन त्यामुळे साडेबारा पट झालं. म्हणजे आयोगानं मनात आणलं तर पहिल्या घरातलं गुणोत्तर बदलता येतं. इथे ते वरच्यांच्या बाजूनं बदललं.

राज्यातल्या शिक्षकांसाठी निर्णय पुढे राज्याचाच असेल. गेल्या वेळी के. पी. बक्षी यांच्या समितीनं तो विचार केला होता, आताही कुणाला तरी तो करावा लागेल. त्या समितीपुढे सगळे २ की २.५ यावर बोलतील. २ आला तर २९,२०० चे ५८,४०० होतील आणि ३८,६०० चे ७७,२००. अंतर ९,४०० चं १८,८०० होईल आणि १.३२ हे गुणोत्तर पुढची दहा वर्षं जसंच्या तसं चालेल. हे गुणोत्तर आलं कुठून? प्राथमिकला बारावीनंतर डी.एड., माध्यमिकला पदवी आणि बी.एड., या पात्रतेच्या फरकातून. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ठरवली आहे, आणि शालेय शिक्षणाचा कुठलाही टप्पा दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा मानला जाणार नाही, असंही तेच धोरण सांगतं. पहिलीला शिकवणारी आणि दहावीला शिकवणारी, दोघी एकाच पदवीच्या असतील, तेव्हा एकीच्या पहिल्या घरात दुसरीच्या एक पूर्णांक बत्तीस शतांश पट का लिहायचं, हे समितीला लेखी सांगावं लागेल. फिटमेंट फॅक्टरच्या आधी मी तिला हा प्रश्न विचारेन.